खोलीत माणूस हवाच

मंडळी, हल्ली ज्यांनी नवीन घर घेतलंय त्यांच्या व्हॉट्सॲपवर काही चित्रं हमखास सापडतात. इंटिरियर डिझायनरने पाठवलेली थ्रीडी चित्रं, म्हणजे 'रेंडर'. संगमरवरासारखी चकचकीत फरशी, फॉल्स सीलिंगच्या कडेने पसरलेला पिवळा उजेड, राखाडी सोफा, त्यावर तिरकी ठेवलेली मोहरीच्या रंगाची उशी, काचेच्या टेबलावर कुणीही न उघडलेलं एक जाडजूड पुस्तक. सगळं कसं मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असं. त्यात नसतो तो फक्त माणूस.

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे याचं कारण ठाऊक आहे. सोफा, लाकूड, काच संगणकाला पटकन जमतं. माणसाची त्वचा, केस, बसल्यावर पडणाऱ्या कपड्याच्या घड्या हे किचकट काम. जरा चुकलं की माणूस मेणाचा दिसतो. शिवाय खोली रिकामी ठेवली की बघणारा मनातल्या मनात स्वतःला तिथे बसवतो आणि ऑर्डर लवकर मिळते. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण आमच्या भरवेलीच्या नव्या घराचं रेंडर आईला दाखवलं, तेव्हा ती चष्मा वर करून म्हणाली, "काहून गं, माणसं कुठं गेली यातली?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. श्रीमंती थाटाची खोली आणि तिच्यात बसलेला माणूस ही चित्रकारांची फार जुनी आवड. जगभर अशी चित्रं काढली गेली आणि आजही काढली जातात. आपल्याकडेही तशी चित्रं आहेत, आणि त्यांत खोली कधी रिकामी नसते. म्हणून या महिन्याचा लेख या चित्रांवर.

सुरुवात आपल्या घरापासून करू. तुमच्या आजी-आजोबांचा लग्नानंतरचा फोटो आठवा. माझ्या आजीचा फोटो गोंदियाच्या एका स्टुडिओतला आहे. आजोबा खुर्चीवर, आजी शेजारी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. मागे राजवाडा! वळणदार जिना, कठडा, दूरवर बाग, एका बाजूला झालरीचा पडदा. उंच तिवईवर कागदी फुलांची फुलदाणी. लहानपणी मला खरंच वाटायचं, की आजी लग्नाआधी तिथे राहायची. मोठी झाल्यावर फोटोच्या खालच्या कडेला नीट पाहिलं तर रंगवलेला पडदा संपून सिमेंटची जमीन सुरू होते तो सांधा दिसला. आजीच्या घराची जमीन शेणाने सारवलेली होती. त्या घरात वळणदार जिना सोडा, वरचा मजलाही नव्हता.

असे रंगवलेले पडदे तेव्हा गावोगावच्या स्टुडिओंत असायचे. विलायतेतल्या स्टुडिओंची ही पद्धत आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली. इकडे संगीत नाटकांनाही दिवाणखाने आणि राजवाडे लागायचे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मिस्त्री बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यासाठी नावाजलेले होते. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले. म्हणजे ज्यांच्या घरी दिवाणखाना नव्हता त्यांना तो नाटकात तिकीट काढून बघायला मिळायचा आणि स्टुडिओत फोटोपुरता भाड्याने मिळायचा.

याला खोटेपणा म्हणायचं का? मला नाही वाटत. आजी-आजोबांनी आयुष्यात एकदाच पैसे देऊन स्वतःचं चित्र करून घेतलं. त्या एका दिवशी आपण चांगल्या जागी उभं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. खोली उसनी होती, पण उभी राहिलेली माणसं खरी होती.

थोडं मागे जाऊ, अगदी दीड हजार वर्षं. आपल्या भागात श्रीमंत खोल्यांतल्या माणसांची सगळ्यांत जुनी चित्रं बघायची तर अजिंठ्याला जावं लागतं. ती बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. आपल्या बालाघाटचाही वाकाटकांशी संबंध आहे. त्यांच्या दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या पृथ्वीषेणाचे ताम्रपट 'बालाघाट ताम्रपट' म्हणूनच अभ्यासकांना माहीत आहेत. असो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची गोष्ट रंगवलीय. राजवाड्यातल्या खांबांच्या मंडपात राजपुत्र विश्वंतर आणि त्याची बायको माद्री जवळ बसलेत, अवतीभवती सेवक आहेत. दागिने, आसनं, रंगीत खांब, काही कमी नाही. पण गोष्ट माहीत असली की छातीत धस्स होतं, कारण ही दोघं लवकरच सगळं सोडून वनात जाणार आहेत. दान करण्यापायी राजपुत्राला राज्याबाहेर काढलंय. चित्रकाराने महाल थाटाचा रंगवलाय तो माणसांचं नुकसान केवढं आहे ते आपल्याला कळावं म्हणून. नुसता रिकामा मंडप रंगवला असता तर आपण "छान खांब आहेत" म्हणून पुढे गेलो असतो.

त्यानंतर ज्याने आपल्या घराघरांत श्रीमंत खोल्या नेऊन पोचवल्या तो चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा. माणूस केरळातला, किळिमानूरचा, जन्म १८४८ चा. पण त्याचं अर्धं नशीब मराठी माणसांनी घडवलं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याला बोलावलं आणि पुराणातल्या प्रसंगांची १४ चित्रं करायला सांगितलं. ती लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी होती. १८९४ मध्ये त्याने मुंबईला छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभर पोचल्या. त्याच्या कितीतरी नायिका आणि देवता काठापदराच्या नऊवारी थाटात दिसतात त्या याच सहवासातून.

रविवर्म्याच्या खोल्या म्हणजे निम्म्या राजवाड्यातल्या आणि निम्म्या नाटकातल्या. जड पडदा, गालिचा, खांब, कोरीव खुर्ची. त्याचं एक चित्र मला फार आवडतं, १८९३ चं. मराठीत नाव सांगायचं तर 'बाबा आले!'. एक तरुण आई कडेवर बाळ घेऊन उभी आहे, पायाशी कुत्रं. यासाठी त्याने आपली मुलगी महाप्रभा आणि तिचं बाळ समोर उभं केलं होतं. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला त्याने बायकांची १० चित्रं पाठवली, त्यांत हे होतं. गंमत अशी, की ज्या बाबांसाठी हे सगळे दाराकडे बघताहेत ते बाबा चित्रात नाहीतच. तरीही खोलीत त्यांची जागा आहे. रेंडरमधली रिकामी खोली आणि ही खोली यांत केवढा फरक! तिथे कुणाचीच वाट बघितली जात नाही.

कुणी म्हणेल, माणूसच महत्त्वाचा असेल तर खोली कशाला? त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या गीता या मुलीला हातात दिवा देऊन उभं केलं आणि जलरंगात चित्र काढलं. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीवर आडवा, बोटांच्या कडांतून लालसर उजेड. मागे काहीही नाही, नुसता अंधार. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. गीताबाई १०२ वर्षं जगल्या आणि २०१८ मध्ये कोल्हापुरात गेल्या. खोली काढून टाकली तरी माणूस उभा राहू शकतो, हे त्या चित्राने दाखवून दिलं. पण त्यासाठी हळदणकरांचा हात हवा. आपल्यासारख्या साध्या माणसांना भिंत, खिडकी, खुर्ची यांचा आधार बरा वाटतो.

आता आजच्या काळातल्या एका चित्रकाराकडे येते. सुहास बहुळकर हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. जन्म पुण्याचा, १९५१ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवलं. आपल्या मध्य प्रदेशातही त्यांचं काम आहे. चित्रकूटला नानाजी देशमुखांच्या प्रेरणेने उभं राहिलेलं 'रामदर्शन' कुणी पाहिलं असेल, तर त्यामागे बहुळकरांची कल्पकता आहे. दीपक घारे यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांचा मोठा चरित्रकोशही संपादित केला. व्यक्तिचित्रं हा त्यांचा हातखंडा. पण मला त्यांची ओढ आहे ती वाड्यांच्या चित्रांमुळे.

वाडा म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावं लागेल. बाहेरून बघितलं तर कोरी भिंत आणि भक्कम दरवाजा. आत शिरलं की मोकळा चौक, चौकाभोवती ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, देवघर, वर दिवाणखाना. सागवानी सुरूचे खांब, खांबांना जोडणाऱ्या महिरपी, तुळयांवरचं केळफुलाचं कोरीवकाम, भिंतीत कोनाडे, छताला हंड्या-झुंबरं, खाली बैठक आणि लोड-तक्के. काही वाड्यांत भिंतींवर चित्रंसुद्धा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ती आजही बघता येतात. पुण्यात गेलात तर दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचं लाकडी कोरीवकाम रस्त्यावरूनच दिसतं. आपल्याला नागपूर जवळ, तिथे महालात चिटणवीस वाडा आहे.

या वाड्यांचं पुढे काय झालं ते माहीतच आहे. वाटण्या झाल्या, भाडेकरू भरले, लाकडाला वाळवी लागली. १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात बसले. उरलेल्यांतल्या बऱ्याच जागी इमारती आल्या. इमारतीचं नाव मात्र 'अमुक वाडा' असंच राहिलं.

बहुळकर हे गेलेले वाडे रंगवतात, पण नुसते वाडे नाही. कोरीव खांबाला टेकून कुणी उभं आहे, महिरपीखाली कुणी बसलंय, मागे भिंतीवरचं जुनं चित्र विरत चाललंय. कधी कधी माणूस ठसठशीत आणि भिंत फिकी, तर कधी भिंतच जास्त जिवंत आणि माणूस आठवणीसारखा पुसट. बघताना एक गोष्ट लक्षात येते. यात श्रीमंती आहे, पण मिरवणं नाही. ज्या माणसाचं घर गेलं त्याला चित्रकार ते परत देतोय, असं वाटतं. ज्यांनी वाड्यात बालपण काढलं त्यांना ही चित्रं का आवडतात हे सांगायला नको. पण मी खाण कॉलनीत वाढलेली मुलगी, माझा वाड्याशी काय संबंध? तरी ती चित्रं बघून मला आमचं क्वार्टर आठवतं. घर सुटणं कुणाचंही सारखंच असतं.

आता हे सगळं भरवेलीत बसून का लिहितेय? कंपनी पुण्याची असली तरी लॅपटॉप इथे आहे हे एक. दुसरं कारण रंगाचं. अशी घराच्या आतली चित्रं ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलीत त्यांना आठवेल, की त्यांत सावल्या खूप असतात. सोफ्याखाली, पडद्याच्या घडीत, खांबाच्या मागे. या उबदार, तपकिरी सावल्या काळ्या रंगाने येत नाहीत. काळ्याने चित्र मरतं. चित्रकार त्यासाठी 'अंबर' नावाचा मातीचा रंग वापरतात. शाळेच्या रंगपेटीतली 'बर्न्ट अंबर' लिहिलेली ट्यूब आठवतेय ना? तीच. या मातीत लोखंडाबरोबर मँगनीजही असतं, आणि तिला तो गडद तपकिरी रंग येण्यात मँगनीजचा मोठा वाटा आहे. तेलरंगात मँगनीज असलं की रंग लवकर सुकतोही. म्हणून पूर्वीपासून पुष्कळ चित्रकार चित्राची पहिली मांडणी अंबरमध्ये करतात, मग त्यावर बाकीचे रंग चढवतात.

काचेचंही तसंच. वाळूत थोडं जरी लोखंड असलं तरी काच हिरवट होते. काच करणारे जुन्या काळापासून त्यात चिमूटभर मँगनीज घालून तो हिरवटपणा मारत आलेत. झुंबराची काच पाण्यासारखी नितळ दिसण्यात या काळ्या दगडाचाही हात असायचा.

आता भरवेलीच्या पोरांना वेगळं काय सांगू? आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण आपल्या पायाखाली आहे. आपलं मँगनीज मुख्यतः पोलादाच्या कामी जातं, चित्रकाराच्या ट्यूबमध्ये नाही. पण श्रीमंत खोलीच्या सावलीत आणि झुंबराच्या चमकेत जे मूलद्रव्य असतं त्याच्याच धुळीत आपले बाबा पाळी संपवून वर यायचे, हे मला विसरता येत नाही.

माझे बाबा खाणीत मायनिंग मेट होते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी आणि पेरूचं झाड, असं आमचं क्वार्टर. दसऱ्याला सोनं द्यायला बाबा मला साहेबांच्या बंगल्यावर घेऊन जायचे. साहेब अगत्याचे. आत बोलवायचे, हातावर पेढा ठेवायचे. मी पेढा खात खात छताकडे बघायची. तिथे छोटंसं झुंबर होतं, आणि खाली पांढऱ्या अभ्र्यांचा सोफा. बाबा सोफ्याच्या अगदी कडेवर बसायचे, पाठ न टेकता. पाच मिनिटांत उठायचे. तेव्हा मला वाटायचं त्यांना घाई आहे.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. नियमाप्रमाणे क्वार्टर सोडलं आणि गावातच बांधलेल्या आमच्या घरात आलो. घराच्या हॉलला मोठी भिंत आहे. तिच्यावर काय लावायचं यावर घरात चर्चा सुरू झाली. डिझायनरने तीन तुकड्यांचं छापील कॅनव्हास सुचवलं, सोनेरी पानांचं. मी म्हटलं, त्यापेक्षा आई-बाबांचं चित्र करून घेऊ. ओळखीतले एक चित्रकला शिक्षक आहेत, तेलरंगात चांगलं काम करतात. त्यांना बोलावलं.

इथून खरी मजा सुरू झाली. माझ्या डोक्यात सुधीर पटवर्धनांची चित्रं. ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत ज्यांनी लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली, चाळींतली साधी माणसं रंगवली, ते पटवर्धन. त्यांच्या चित्रात माणसाला सजवावं लागत नाही. थकलेला खांदासुद्धा मानाने येतो. मला वाटलं, बाबांचंही तसंच व्हावं. लुंगी-बनियन, व्हरांड्यातली खुर्ची, हातात चहाचा कप. सरांना मी तसं सांगूनही टाकलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, मागे झुंबर दाखवाल का?"

मी म्हटलं, "बाबा, आपल्याकडे झुंबर कुठंय?"

"फोटोत माझ्या आईच्या मागे राजवाडा होता. तिच्याकडे होता काय?" बाबा म्हणाले. "पस्तीस वर्षं मी अंधारात उतरलो. चित्रात तरी मला उजेडात बसू दे."

मला काही उत्तर सुचलं नाही. आईने मध्ये पडून सांगितलं, "मी सोफ्यावर नाही बसणार बरं. तिथं बसलं की काम करता येत नाही."

तीन दुपारी ते काम चाललं. सर कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं बघितलं, कोण कुठे बसतं, उजेड कुठून येतो. कॅनव्हासवर पहिली मांडणी केली ती तपकिरी रंगात. बाबा जवळ जाऊन बघून आले आणि म्हणाले, "आपल्या दगडाचाच रंग आहे." सर हसले. बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

आता चित्र भिंतीवर आहे. बाबा सोफ्यावर बसलेत, पांढऱ्या शर्टात, आणि पाठ टेकून. वर झुंबर आहे. सरांनी ते पूर्ण दाखवलं नाही, चित्राच्या वरच्या कडेने अर्धं कापलंय, पण त्याचा उजेड बाबांच्या कपाळावर आणि हातांवर पडलाय. आई मागे दारापाशी खुर्चीवर, मांडीवर सूप, तांदूळ निवडतेय आणि बाबांकडे नाही तर बाहेर बघतेय. हात दोघांचेही फार छान आलेत. शेजारच्या काकू बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "झुंबर कुठंय हो हॉलमध्ये?" बाबा म्हणाले, "चित्रात आहे ना."

यातून मला एवढं समजलं. चित्रातली श्रीमंत खोली म्हणजे नुसता देखावा नसतो. कुणीतरी कुणासाठी केलेला तो मान असतो. अजिंठ्याच्या चित्रकाराने विश्वंतराला तो दिला, गोंदियाच्या फोटोवाल्याने माझ्या आजीला दिला, बहुळकर गेलेल्या वाड्यांतल्या माणसांना देतात. मी साधेपणाचा आग्रह धरला तो पुस्तकं वाचून. ज्याने साधेपणात सगळा जन्म काढला त्याला त्याचं कौतुक असेलच असं नाही. त्याला उजेडात बसायचं असेल तर चित्राने त्याला तिथे बसवावं. फक्त खोली माणसासाठी असावी. माणूस काढून घेतला की उरतं ते दुकानातलं फर्निचर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरं आता सजताहेत, आणि आई-वडील अजून बोलते-चालते आहेत. म्हणून चार गोष्टी सुचवते. भिंतीवर छापील पानं-फुलं लावण्याआधी एकदा घरातल्या माणसांचा विचार करा. तुमच्या शहरात, तालुक्यात चित्रकला शिक्षक असतात, कला महाविद्यालयातली मुलं असतात. त्यांना काम द्या आणि योग्य पैसे द्या. तेलरंगाचं परवडत नसेल तर पेन्सिलचं करून घ्या. तेही नको असेल तर मोबाईल आहेच, पण फोटो चेहऱ्याच्या अगदी जवळून घेऊ नका. चार पावलं मागे जा. खोली येऊ द्या: देव्हारा, फ्रिजवरची चुंबकं, बाबांची खुर्ची, आईचं सूप. वाढदिवसाच्या फोटोंत केक असतो, चेहरे असतात, घर नसतं. आणि घर कधी सुटेल सांगता येत नाही.

एक मात्र करा, कुठे आणि कसं बसायचं हे त्यांनाच विचारा. उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून वेगळं येईल.

तुमच्या आजी-आजोबांचे रंगवलेल्या पडद्यासमोरचे स्टुडिओतले फोटो असतील तर मंडळाच्या संपादकांकडे पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: कुठला स्टुडिओ, साधारण कुठलं वर्ष, आणि त्या वेळी त्यांचं खरं घर कसं होतं. पुरेसे आले तर दिवाळी अंकात त्यांचंच एक पान करू.